कुळागर विकू नका, आधी बांबोळीला जा

वाचकाचे पत्र: नमस्कार डॉक्टरबाई. आम्ही गोव्यात, सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पलीकडे राहतो. थोडे कुळागर आहे, सुपारी-नारळावर घर चालते. माझी मुलगी एकवीस वर्षांची आहे, साखळीला कॉलेजात शेवटच्या वर्षाला. तीन वर्षांपूर्वी तिच्या बोटांच्या सांध्यांवर पांढरे डाग आले, मग ओठांच्या कडेला, मग कोपरांवर. गेल्या पावसात चपलेचा पट्टा घासतो तिथे, घोट्यावर, नवा डाग उठला. एका वैद्यांनी मासे, दूध, आंबट सगळे बंद केले. दीड वर्ष ती सोलकढीसुद्धा पीत नाही, फरक काही नाही. यंदा चवथीला तिच्या काकीने तिच्या हातचे नेवऱ्यांचे ताट घेतले नाही. ती आत जाऊन रडली. आता एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकच्या लोकांनी इथे हॉटेलात मोफत शिबिर घेतले. पोटाच्या चरबीतून स्टेम सेल काढून सलाईनमधून देणार, रोगप्रतिकारशक्ती नव्याने चालू होणार, डाग कायमचे जाणार असे म्हणाले. पाच वेळा जावे लागेल, खर्च साडेसहा लाख. चाळीस हजार मी भरले. बाकीच्यासाठी कुळागराचा ओढ्याकडचा तुकडा काढलाय, गिऱ्हाईकही आले आहे. तुळशीच्या लग्नानंतर बायला एक स्थळ बघायला येणार आहे, त्याआधी डाग जायला हवेत. तुकडा विकू का?

भाऊ, नमस्कार.

विकू नका. गिऱ्हाईकाला आजच नको म्हणून कळवा आणि मग हे पत्र सावकाश वाचा. तुमच्या अक्षरावरून कळते की तुम्ही रात्रीचे जागून लिहिले आहे. लेकीसाठी जमीन काढायला निघालेल्या बापाला नुसते ‘नाही’ म्हणून मला मोकळे होता येणार नाही. का नाही, आणि त्याऐवजी काय करायचे, ते सविस्तर सांगते.

तुमच्या मुलीला जे आहे त्याला आपण कोड म्हणतो, डॉक्टर व्हिटिलिगो म्हणतात. जगात दर शंभर माणसांत साधारण अर्धा ते दोन जणांना ते असते, म्हणजे वाळपईच्या बाजारात एक फेरी मारली तरी कोड असलेली दोन-चार माणसे तुमच्या शेजारून गेलेली असतात. ते शिवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, नेवऱ्या खाल्ल्याने तर नाहीच नाही. महारोगाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. ‘कोड’ हा शब्द ‘कुष्ठ’वरून आला आणि त्या एका शब्दाने पिढ्यान्‌पिढ्या माणसांना घराच्या मागच्या दाराने वावरायला लावले. महारोगाच्या चट्ट्यावर बहुधा स्पर्श कळत नाही; कोडाच्या डागावर कापसाचा बोळा फिरवला तरी कळतो. काकींना हे तुम्ही स्वतः सांगा, मुलीच्या समोर सांगा. माझ्या मते हे औषधाइतकेच तातडीचे आहे.

आता डाग का येतो ते. आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. शरीराचे राखणदार, म्हणजे रक्तातल्या टी-पेशी, एरवी विषाणू शिरलेल्या पेशींना मारतात. कोडात त्या घरच्याच रंगपेशींना परके समजतात आणि वेचून मारतात. या टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा नावाचा पदार्थ सोडतात. त्यामुळे कातडीच्या वरच्या थरातून दुसरा एक संदेश निघतो आणि तो ऐकून आणखी टी-पेशी तिथे गोळा होतात. एकाने हाक मारायची आणि दहांनी धावत यायचे, असे ते चक्र आहे. म्हणजे तुमच्या मुलीची रोगप्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही. ती जागीच आहे, पण चुकीच्या दारावर धडका देते आहे. ‘इम्युनिटी वाढवा’ म्हणून जी चूर्णे आणि काढे विकतात त्यांचा इथे उपयोग नाही, हे यावरून तुमच्या लक्षात येईल.

तुमच्या कुळागराचेच बघा. रात्री गवेरेडे शिरतात, केळी खातात, पोफळीची रोपे तुडवतात. सकाळी उठून तुम्ही त्याच जागी बाजारातून आणलेली महागडी रोपे लावाल का? आधी वई बघाल, कुठून मोडली ते शोधाल, ती बांधाल, मगच रोपे लावाल. कोडाचेही तेच आहे. हल्ला चालू असताना नव्या पेशी, मग त्या कुठूनही आणलेल्या असोत, टिकत नाहीत. तुमच्या पत्रात गेल्या पावसातला घोट्यावरचा डाग आहे, तो मी दोनदा वाचला. चपलेचा पट्टा घासतो तिथेच तो उठला. आजार चालू असला की घासल्या-खरचटल्या जागी नवे कोड उठते, ही आम्हा त्वचेच्या डॉक्टरांना ओळखीची खूण आहे. म्हणजे गवेरेडे अजून आत आहेत. या घडीला पेशी पेरण्याची कुठलीही गोष्ट, अगदी खरी शस्त्रक्रियासुद्धा, कुणी शहाणा डॉक्टर करणार नाही.

आणखी एक. डाग भरून आल्यावरही काही टी-पेशी तिथल्या कातडीत मुक्काम ठोकून राहतात. त्यांना जागा आठवते. म्हणून औषध थांबवले की पुष्कळदा त्याच ठिकाणी, त्याच आकाराचा डाग परत येतो. गव्यांना एकदा वाट पाठ झाली की ते वर्षानंतरही तिथूनच शिरतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. ‘कायमचे जाणार’ असे जो लिहून देतो, त्याला हा आजार कळलेला नाही, किंवा कळूनही तो सांगत नाही.

तर मग स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून नव्या पेशी तयार होतात त्या मूळपेशी, हे सगळे खोटेच का? नाही, आणि म्हणूनच लोक फसतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ पासून अस्थिमज्जा-प्रत्यारोपण होते. रक्ताच्या कर्करोगात ते माणसाला वाचवते, आणि ते मूळपेशींचेच काम आहे. कातडीचे म्हणाल तर जर्मनीत २०१५ साली सात वर्षांच्या एका मुलावर झालेले उपचार वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. जन्मापासून त्याच्या एका जनुकात बिघाड होता, हात लावला तरी कातडी सुटून यायची. डॉक्टरांनी त्याच्या जांघेतून साधारण टपाल तिकिटाएवढा, चार चौरस सेंटिमीटरचा तुकडा घेतला. इटलीतल्या प्रयोगशाळेत त्यातल्या पेशींमधला बिघाड दुरुस्त करून कातडीच्या चादरी वाढवल्या आणि त्याच्या अंगाची जवळजवळ ऐंशी टक्के कातडी नवी घातली. २०१७ साली ते प्रसिद्ध झाले तेव्हा तो मुलगा शाळेत जात होता. ती कातडी टिकली ती तिच्यातल्या थोड्याशा, पण खऱ्या मूळपेशींमुळे. मात्र तिथे रोगप्रतिकारशक्तीचा हल्ला नव्हता. आणि पेशी जिथे लागत होत्या तिथेच लावल्या होत्या, हातातल्या सलाईनमधून कुठेतरी सोडून दिल्या नव्हत्या.

‘रोगप्रतिकारशक्ती नव्याने चालू करणे’ हेही खरोखर करता येते. त्याची किंमत शिबिरात सांगितली का? स्क्लेरोडर्मा म्हणून एक आजार आहे. त्यात कातडी दगडासारखी घट्ट होते, पुढे फुप्फुसे आणि हृदयही धरले जाते. त्याच्या गंभीर रुग्णांवर युरोपात एक चाचणी झाली. आधी रुग्णाच्या मूळपेशी काढून ठेवायच्या, मग जहाल औषधांनी त्याची जुनी प्रतिकारशक्ती जवळजवळ पुसून टाकायची, मग त्या पेशी परत द्यायच्या. हे उपचार घेणाऱ्या ७९ जणांपैकी ८ जण पहिल्या वर्षातच उपचारामुळे दगावले. जे तगले ते पुढे जास्त जगले, म्हणून जिवावर बेतलेल्या आजारात तो धोका पत्करतात. कोडाने जीव जात नाही. पाच सलायनी लावून, संध्याकाळी घरी पाठवून, कुणाची प्रतिकारशक्ती नव्याने चालू होत नाही.

चरबीतल्या पेशी प्रयोगशाळेतल्या बशीत टी-पेशींना शांत करतात, हे खरे आहे. त्यावर अभ्यास चालू आहे आणि तो व्हायलाच हवा. पण बशीतले यश माणसात उतरलेले नाही, आणि ‘स्वतःच्याच पेशी, मग धोका कसला’ हे बोलणे मला फार भीतिदायक वाटते. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एका क्लिनिकमध्ये तीन वयस्क बायकांच्या डोळ्यांत त्यांच्याच पोटाच्या चरबीतल्या पेशी टोचल्या होत्या. तिघींची दृष्टी गेली. २०१७ साली डॉक्टरांनी ते जगापुढे मांडले. आधी तिघींना थोडेफार तरी दिसत होते. आणि त्यांतल्या काहींना वाटत होते की आपण रीतसर अभ्यासात भाग घेतोय.

आपल्याकडे नियम आहे आणि तो स्पष्ट आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या ठरावीक आजारांतले प्रत्यारोपण सोडले तर मूळपेशींचा वापर फक्त मंजुरी मिळालेल्या चाचणीतच करायचा. त्याबाहेर करणे गैरवर्तन धरले जाते. चाचणी असेल तर ती सरकारी क्लिनिकल ट्रायल नोंदणीत असते, तिचा क्रमांक ‘सीटीआरआय’ने सुरू होतो, आणि मोबाईलवर कुणालाही तो फुकट बघता येतो. चाचणीतल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. साडेसहा लाख मागितले, म्हणजे ती चाचणी नव्हे. क्लिनिकला लेखी विचारा: नोंदणी क्रमांक काय, नीतिमत्ता समिती कुठली, कोडाच्या किती रुग्णांवर केले आणि निकाल कुठे छापला. आणि त्याच पत्रात चाळीस हजार परत मागा. पावती, शिबिराचे पत्रक, व्हॉट्सॲपवरचे बोलणे, काही पुसू नका. परत दिले नाहीत तर ग्राहक आयोगाकडे जाता येते.

आता तिच्यासाठी काय करायचे.

बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, त्वचारोग विभागात जा. तिथे अंधाऱ्या खोलीत एका जांभळट दिव्याखाली तिचे अंग बघतील. कोडाचे डाग त्या दिव्यात निळसर-पांढरे उजळतात, साध्या डोळ्याला न दिसणारेही कळतात. थायरॉइडची रक्ततपासणी सांगतील, ती चुकवू नका. ज्यांची प्रतिकारशक्ती रंगपेशींवर उठते त्यांच्यात ती थायरॉइडवरही उठलेली पुष्कळदा सापडते.

मग आधी वई. पसरणे थांबवायला लावायची मलमे असतात, चेहऱ्यावर बहुधा टॅक्रोलिमस, इतरत्र काही काळ स्टेरॉइड. जोरात पसरत असेल तर आठवड्यातले दोनच दिवस घ्यायच्या स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. ही पद्धत आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी रुळवली. डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायची, फार्मसीतून परस्पर आणून कधीही नाही. ज्या इंटरफेरॉन-गॅमाचे वर सांगितले, त्याचा संदेश पेशीच्या आत जिथून पोचतो तो दरवाजा बंद करणारे रक्सोलिटिनिब नावाचे मलम अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये कोडासाठी मान्य झाले. त्याच्या चाचण्यांत सहा महिन्यांनी शंभरातल्या साधारण तिसांच्या चेहऱ्यावरचा तीन-चतुर्थांश डाग भरला. औषध नसलेले साधे मलम लावणाऱ्यांत हे प्रमाण दहाच्या आसपास होते. जादू नाही, पण या आजाराची यंत्रणा समजून घेऊन केलेले हे औषध आहे. तिच्यासाठी ते किंवा त्या जातीचे दुसरे योग्य आहे का, हे तिथल्या डॉक्टरांना विचारा.

आणि प्रकाश. ३११ नॅनोमीटरच्या ठरावीक अतिनील किरणांखाली आठवड्यातून दोन-तीनदा, काही सेकंदांपासून सुरुवात करून, उभे राहायचे. निदान सहा महिने दिल्याशिवाय ‘उपयोग नाही’ म्हणायचे नाही. मी तीस वर्षे हे बघत आले, तरी पहिल्यांदा रंग येतो तो क्षण मला अजून नवा वाटतो. डाग कडेने भरत येईल असे लोकांना वाटते. पण मधोमध, एकेका केसाच्या मुळाशी, मोहरीएवढा तपकिरी ठिपका उमटतो. मिरगाचा पाऊस पडल्यावर उघड्या सड्यावर टाकळ्याचे कोंब एकेक दिसावेत तसा. मग ते ठिपके वाढतात आणि एकमेकांना मिळतात.

हे ठिपके कुठून येतात माहीत आहे? केसाच्या मुळाशी, जरा खोल, रंगपेशींच्या मूळपेशी लपून राहिलेल्या असतात. हल्ल्यातून त्या वाचतात. प्रकाशाने त्या जाग्या होतात, वर सरकतात आणि रंग घालू लागतात. भाऊ, ज्या स्टेम सेलसाठी तुम्ही ओढ्याकडचा तुकडा विकायला निघालात, त्या तिच्या कोपराच्या लवेखाली आधीच आहेत.

आता न आवडणारेही सांगते. जिथे केस नाहीत तिथे हा साठा नाही. ओठ, बोटांची टोके हट्टी असतात, बोटांचे सांधेही फार सावकाश भरतात. चेहऱ्याची इतर कातडी आणि कोपर त्या मानाने ऐकतील. तुळशीच्या लग्नापर्यंत डाग जाणार नाहीत. वर्षभर एकही नवा डाग आला नाही, जुना वाढला नाही, तर ओठांसारख्या जागी शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. मांडीवरची पातळ कातडी घेऊन, तिच्यातल्या पेशी सुट्या करून, त्याच दिवशी डागावर पसरतात. फ्रान्समध्ये १९९२ साली ही पद्धत मांडली गेली, आपल्याकडे ती भरपूर होते आणि चांगली होते. काही जण तिलाच ‘स्टेम सेल’ म्हणून दहापट भावाने विकतात, म्हणून नाव लक्षात ठेवा: एपिडर्मल सेल सस्पेन्शन.

वाळपईहून आठवड्यातून दोनदा बांबोळी म्हणजे बायचा अख्खा दिवस जाणार. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा की निदान झाल्यावर हे प्रकाशाचे उपचार म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात किंवा साखळी-डिचोलीकडच्या एखाद्या त्वचातज्ज्ञाकडे घेता येतील का. उपचार अर्धवट सुटतात ते बहुतेक वेळा अंतरामुळे, औषधामुळे नाही.

घरी तिची चप्पल बदला. रबरी, ओली, घासणारी नको. मऊ पट्ट्याची, सैल घ्या. कपाळावर चिकटवायची टिकली लावत असेल तर ती बंद. काही टिकल्यांच्या गोंदात आणि काही रबरात अशी रसायने असतात की ती रंगपेशींनाच मारतात. गोल टिकलीच्या आकाराचे गोल कोड मी कितीतरी कपाळांवर पाहिले आहे. बावचीचे तेल कुणी आणून देईल, ते लावून उन्हात बसवू नका. बावचीत खरेच औषधी द्रव्य आहे, म्हणूनच ती भाजते. पेडण्याची एक शिक्षिका भर मे महिन्यात माझ्याकडे आली होती, दोन्ही हातांना फोड, पाणी गळत होते. फोड बरे झाले आणि त्या जागी पूर्वी नव्हते तिथेही कोड उठले. बाहेर पडताना डागांवर सनस्क्रीन, पूर्ण बाह्या. आपले ऊन त्या पांढऱ्या कातडीला सोसत नाही.

जेवणाचे पथ्य आज रात्रीपासून सोडा. मासे-दूध एकत्र खाल्ल्याने, आंबट खाल्ल्याने कोड होते किंवा वाढते, याला पुरावा नाही. दीड वर्ष एकवीस वर्षांची पोर गोव्यात राहून हुमणाशिवाय जेवली, हे वाचून मला पत्र बाजूला ठेवावे लागले. बांगडे आणा. सोलकढी करा.

स्थळाबद्दल. लपवू नका, पावडर लावून दाखवू नका. येण्याआधीच फोनवर सांगा: मुलीला कोड आहे, उपचार चालू आहेत, ते शिवून होत नाही, आणि आईवडिलांना असले तरी बहुतेक मुलांना होत नाही. त्यांना नको असेल तर ते येणार नाहीत, आणि ते न आलेले बरे. पण भाऊ, तुमच्या पत्रात वैद्य काय म्हणाले ते आहे, काकी काय वागली ते आहे, क्लिनिकवाले, गिऱ्हाईक, सोयरे सगळे आहेत. बायला काय हवे आहे, ते एका ओळीतही नाही. तिला आत्ता लग्न करायचे आहे का? तिला डागांवर उपचार हवेत, की आधी परीक्षा नीट द्यायची आहे? उपचार न घेता आहे तसेच राहायचे ठरवणारीही माणसे आहेत, आणि त्यांचे काही चुकत नाही. मलम तिने लावायचे, मशीनसमोर तिने उभे राहायचे, म्हणून ठरवायचेही तिनेच.

बांबोळीला जाण्याआधी प्रत्येक डागाचा फोटो काढा, बाजूला पट्टी धरून, त्याच खिडकीच्या उजेडात, आणि तारीख लिहून ठेवा. दर महिन्याला तसाच काढा. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, आणि आजार थांबलाय की नाही याचा डॉक्टरांना यासारखा पुरावा नाही.

हे पत्र तिला वाचायला द्या. तिला वाटले तर तिने मला स्वतः लिहावे, तुम्हाला न दाखवता लिहिले तरी चालेल. मी उत्तर देईन.